१४ तास उरले असताना ८७ दिवसांची मुदत

अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरच्या मध्यरात्री संपतं. नोकरीच्या आधारावर द्यायच्या ग्रीन कार्डांचा वर्षाचा कोटा ठरलेला असतो, आणि त्यातले जे क्रमांक त्या मध्यरात्रीपर्यंत कुणाच्या नावे लागले नाहीत ते बुडतात. कागदोपत्री ते पुढच्या वर्षी नात्यागोत्यावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांकडे वळतात. पण तिथल्या सूत्रातल्या वजाबाकीत ते जिरून जातात आणि प्रत्यक्षात कुणालाच मिळत नाहीत. २०२१ च्या ३० सप्टेंबरला असे ६६ हजार ७८१ क्रमांक बुडाले. त्याच वेळी भारतात जन्मलेली लाखो माणसं रांगेत होती.

पुढे आहेत ते त्या मध्यरात्रीआधीचे ७५ तास, न्यू जर्सीतल्या एका मराठी घरातले. हे घर म्हणजे कुठलं एकच कुटुंब नाही. त्या आठवड्यात अनेक घरांत जे चाललं होतं ते एकत्र करून, कुणाची ओळख पटणार नाही अशा बेताने लिहिलं आहे. नियम, तारखा आणि सरकारी आकडे जसेच्या तसे आहेत.

सोमवार, २७ सप्टेंबर, रात्री ९. उरले ७५ तास

जेवणाचं टेबल आवरून त्यावर कागदांचे ढीग लागले आहेत. पासपोर्ट, जुने आणि नवे. एच-वन या नोकरीच्या व्हिसाच्या मंजुरीचे सगळे कागद, अगदी पहिल्यापासूनचे. पगाराच्या पावत्या, कर भरल्याचे उतारे, लग्नाचा दाखला, मुलीच्या जन्माचा दाखला, कंपनीचं पत्र. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, पुण्याचा; बायको सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातली; मुलगी दहावीत. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख, मार्च २०१३; वर्ग ईबी-थ्री, म्हणजे नोकरीवाल्यांतला तिसरा.

इथवर यायला काय काय जुळावं लागलं ते सांगायला हवं. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे अमेरिकेचे जगभरचे दूतावास बंद झाले आणि एप्रिलमध्ये ट्रम्प यांच्या आदेशाने बाहेरून येणाऱ्या बहुतेक नव्या स्थलांतरितांना दार लागलं. भावाबहिणींना, मोठ्या झालेल्या मुलांना मिळायची ग्रीन कार्डं त्या वर्षी पडून राहिली, आणि कायद्याप्रमाणे ती पुढच्या वर्षी नोकरीच्या कोट्यात आली. नेहमीच्या १ लाख ४० हजारांच्या जागी २०२१ साठी कोटा झाला २ लाख ६२ हजार २८८. कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त नाही हा नियम १९९० च्या कायद्यापासून भारतीयांच्या उरावर आहे. बायको-मुलांचे क्रमांकही त्याच सात टक्क्यांतून जातात. पण इतर देशांकडून जे उरतं ते रांगेत सर्वांत जुन्या असलेल्यांना मिळतं, आणि त्या वर्षी उरणार होतं भरपूर. दुसऱ्यांच्या ताटातुटीतून आपल्याला ही संधी आली, हे त्या वर्षी फार कमी लोक बोलले. मला ते बोललं जावंसं वाटतं.

ऑक्टोबर २०२० च्या बुलेटिनने, म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत पाळी आली ते सांगणाऱ्या सरकारच्या मासिक पत्रकाने, भारतीयांना ईबी-थ्रीत १ जानेवारी २०१५ पर्यंतच्या तारखांचे अर्ज भरायची मुभा दिली. यांनीही भरला. पावतीचा क्रमांक ‘एलआयएन’ने सुरू होणारा, म्हणजे फाइल स्थलांतर खात्याच्या नेब्रास्कातल्या सेंटरमध्ये. मग २०२१ च्या जुलैत पत्र आलं: तुमची केस मिसूरीच्या नॅशनल बेनिफिट्स सेंटरकडे ट्रान्सफर केली आहे. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला दुसरं: मुलाखतीला या, ३० सप्टेंबर, सकाळी साडेआठ, स्थानिक कार्यालय.

नोकरीवाल्यांना सरसकट मुलाखतीला बोलावणं २०१७ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालं. महासाथीत पुष्कळांना ती माफ होत होती. कुणाला माफ आणि कुणाला बोलावणं, हे अर्जदाराला आधी कळत नाही. मुलाखत लागली की कागदी फाइल एका इमारतीतून दुसरीत खरोखरीचा प्रवास करते, अधिकाऱ्याचा वेळ लागतो, खोली लागते. या घराच्या वाट्याला वर्षाचा शेवटचा दिवस आला होता.

मंगळवार, २८ सप्टेंबर, सकाळी ११. उरले ६१ तास

वकीलबाईंचा फोन. त्या यादी पुन्हा वाचून घेतात आणि शेवटी विचारतात, “मेडिकलचे लिफाफे?”

तीन आहेत. सरकारने नेमलेल्या डॉक्टरकडे ऑगस्टमध्ये तपासणी झाली: क्षयासाठी रक्ताची चाचणी, गुप्तरोगांच्या चाचण्या, गोवर-गालगुंड-रुबेला, धनुर्वात, कांजिण्या यांच्या लशींच्या नोंदी. डॉक्टरने अहवाल लिफाफ्यांत घालून, चिकटवून, वर सही करून दिले. लिफाफा फक्त अधिकाऱ्याने फोडायचा. अर्जदाराने फोडला की तो बाद.

“प्रत घेतली होती ना?”

घेतली होती, पण फक्त लशींच्या पानाची. वकीलबाई म्हणतात, दवाखान्यात फोन करा, संपूर्ण प्रत मागा, प्रत्येक पान बघा. बायको फोन लावते. बराच वेळ संगीत वाजतं. १ ऑक्टोबरपासून या तपासणीत कोविडची लस सक्तीची होणार आहे, सप्टेंबरच्या मध्याला तशी घोषणा झाली, आणि त्याआधी उरकून घ्यायला सगळेच धावले आहेत. दवाखान्यातली मुलगी दमलेल्या आवाजात सांगते, ईमेल करते. संध्याकाळपर्यंत ईमेल येत नाही. दुसऱ्यांदा फोन केल्यावर उत्तर तेच.

हा अर्ज ज्यांना पुढेमागे भरायचा आहे त्यांच्यासाठी इथे थांबून सांगते: दवाखान्यातून बाहेर पडायच्या आधी, लिफाफा बंद व्हायच्या आधी, सगळ्या पानांची प्रत हातात घ्या आणि तिथेच उभं राहून बघा. डॉक्टरची सही, तारीख, तुमच्या नावाचं स्पेलिंग. फॉर्मची आवृत्ती चालू आहे का तेही. संकोच करू नका.

मंगळवार, रात्री १२. उरले ४८ तास

कोरेगावात बुधवारचे सकाळचे साडेनऊ. बायकोचा मामांना फोन.

घरात सगळ्यांत जास्त भीती तिच्या जन्मतारखेची आहे. पासपोर्टवर १ जून १९८१. ग्रामपंचायतीच्या नोंदीत १४ मे १९८१, आणि तिथेही नावाचा रकाना कोरा: लिंग स्त्री, वडिलांचं नाव, आईचं नाव, बस. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० ला लागू झाला. तरी गावोगावच्या नोंदवह्यांत बिननावाची बाळं भरलेली आहेत, कारण बारशाआधी नोंद होते आणि नाव कळवायला पुन्हा कुणी जात नाही.

“मामा, प्रतिज्ञापत्रात दोन्ही तारखा लिहिल्यात ना? शाळेची आणि खरी?”

“लिहिल्यात की. वाचून दाखवू का? अगं पोरी, शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लावली. तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एक जूनलाच असायचा.”

मामांचं एक आणि आत्याचं एक, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर, अशी दोन प्रतिज्ञापत्रं मागच्याच आठवड्यात कुरियरने आली आहेत. दोघंही तिच्या जन्माच्या वेळी घरात होते, आणि तेच त्यांनी लिहून दिलं आहे. आत्याबाईंना आता नीट दिसत नाही, तरी तालुक्याच्या गावी जाऊन सही करून आल्या. शाळा सोडल्याचा दाखला, ग्रामसेवकाच्या सहीचा उतारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर सोबत लावलं आहे.

आणि तिची नावं? लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनावही बदललेलं. अमेरिकन फॉर्ममध्ये ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक बायकांना तो भरावाच लागतो. तो तिने नीट भरला आहे.

बुधवार, २९ सप्टेंबर, संध्याकाळी ६. उरले ३० तास

मुलगी अधिकारी होते. टेबलाच्या एका बाजूला ती, समोर आईबाबा.

अर्जात ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा उत्तरांचे प्रश्न पानंच्या पानं आहेत. कधी अटक झाली होती का? नाही. वाहतुकीचा दंड? एकदा, वेगाचा, पावती जोडली आहे. परवानगीशिवाय नोकरी? नाही. कम्युनिस्ट किंवा हुकूमशाही पक्षाचे सदस्य होता का?

नवरा थबकतो. आजोबा शेकापचे होते. मोर्चे, तुरुंग, सगळं.

“बाबा, प्रश्न तुम्हाला आहे,” मुलगी म्हणते.

“हो. नाही. मी नव्हतो.”

ही तालीम महत्त्वाची आहे, आणि ती उत्तरं पाठ करण्यासाठी करायची नसते. नोकरीवाल्यांच्या मुलाखतीत अधिकारी मुख्यतः तीन गोष्टी पाहतो: ज्या नोकरीवर अर्ज आहे ती आजही आहे का, या देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा मध्ये कुठे तुटला का, आणि लग्न खरं आहे का. त्या तिन्हींची उत्तरं कागदांत असतात. माणसं गडबडतात ती तारखांत: कुठल्या वर्षी कुठल्या पत्त्यावर, कुठली कंपनी कधी सोडली. म्हणून ते दोघं अर्जाची प्रत घेऊन आपलंच आयुष्य पहिल्यापासून वाचतात. पहिलं भाड्याचं घर एडिसनमध्ये. मग कंपनी बदलली, नवी याचिका. तिची पुण्यातली शिक्षिकेची नोकरी, आणि मग एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, नोकरीची परवानगीच नसलेली ती सगळी वर्षं, जी अर्जात ‘गृहिणी’ एवढ्या एका शब्दात बसतात.

रात्री नऊपर्यंत दवाखान्याची ईमेल नाही. दवाखाना सातला बंद झालेला.

गुरुवार, ३० सप्टेंबर, सकाळी ७:४५. उरले १६ तास १५ मिनिटं

पार्किंगमध्ये गाडीतच बसून आहेत. कोविडच्या नियमामुळे वेळेच्या फक्त पंधरा मिनिटं आधी आत सोडतात. पुढेमागे अशाच गाड्या, अशीच इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं, मांडीवर फायली.

सकाळी ९:०५. उरले १४ तास ५५ मिनिटं

अधिकारी मध्यमवयीन, मास्कमागून शांत बोलणारा. उजवा हात वर करून शपथ. मग अर्ज, पानामागून पान.

जन्मतारखेवर तो येतो. दोन तारखा का? ती सांगते: शाळेने लावलेली आणि नोंदवहीतली. मामांचं आणि आत्याचं प्रतिज्ञापत्र पुढे करते. तो दोन्ही वाचतो, प्रती काढून घेतो आणि पुढचं पान उलटतो. ज्याच्यासाठी रात्रीची झोप गेली होती ते दोन मिनिटांत पार पडतं. चांगली तयारी केली की असंच होतं, आणि त्यासाठी गावाकडच्या दोन म्हाताऱ्या माणसांनी खाल्लेल्या खस्ता मला फार मोलाच्या वाटतात.

नोकरीचं पत्र, पावत्या, लग्नाचे फोटो, मुलीला दोन प्रश्न. सगळं ठीक. तो म्हणतो, क्रमांक उपलब्ध आहेत, आजच मागवता येतील.

सकाळी ९:५०. उरले १४ तास १० मिनिटं

तो लिफाफे फोडतो. नवऱ्याचा: ठीक. मुलीचा: ठीक. तिचा. तो पानं चाळतो, मागे येतो, पुन्हा चाळतो आणि कागद त्यांच्याकडे वळवतो. डॉक्टरच्या प्रमाणपत्राच्या जागी नाव छापलेलं आहे. सही नाही, तारीख नाही.

चाचण्या झालेल्या, निकाल चांगले, लशी पूर्ण, वर चिकटवलेल्या पट्टीवरही डॉक्टरची सही. आतल्या पानावर नाही. संपूर्ण फायलीतला हा एकच कागद असा होता जो त्यांना बघायची बंदी होती.

सकाळी १०. उरले १४ तास

अधिकारी छापील पत्र देतो. सही केलेला अहवाल बंद लिफाफ्यात सादर करा. मुदत ८७ दिवस. बारा आठवडे आणि टपालासाठी तीन दिवस, असा तो ठरलेला हिशोब आहे. कागदावर मुदत डिसेंबरअखेरपर्यंत आणि क्रमांक मध्यरात्रीपर्यंत. दोन्ही घड्याळं एकाच खात्याच्या इमारतीत चालत होती आणि एकाला दुसऱ्याची खबर नव्हती.

ती विचारते, आज आणला तर? अपॉइंटमेंटशिवाय आत सोडणार नाहीत, तो सांगतो. थोडं थांबून म्हणतो, साडेतीनच्या आत दाराशी पोहोचलात तर पहारेकऱ्याला मला फोन करायला सांगा, मी खाली येऊन घेतो. असा काही नियम नव्हता. त्या माणसाने स्वतःहून देऊ केलेली ती सवलत होती.

दुपारी १२:१०. उरले ११ तास ५० मिनिटं

दवाखाना तिथून चाळीस मैल. डॉक्टर गुरुवारी दीडला येतात. प्रतीक्षागृहात वीसेक माणसं, प्रत्येकाला आजच सही हवी आहे, कारण उद्यापासून नियम बदलतो.

दुपारी २:१५. उरले ९ तास ४५ मिनिटं

नवऱ्याच्या फोनवर संदेश: केस मंजूर, कार्ड छापायला गेलं. दोन मिनिटांनी मुलीचं. ते दोघं तिच्याकडे बघतात आणि ती म्हणते, “अरे, हसा की. निदान तुमचं तरी झालं.”

दुपारी २:४०. उरले ९ तास २० मिनिटं

सही. तारीख. नवा लिफाफा, नवी पट्टी. या वेळी प्रत्येक पानाची प्रत तिच्या हातात आहे. डॉक्टर मनापासून माफी मागतात. एका दिवसात शंभर कागदांवर सह्या करणाऱ्या माणसाकडून एक सही राहते, हे समजण्यासारखं आहे. एका सहीवर माणसाची वर्षं टांगायची, ही रचना समजण्यासारखी नाही.

दुपारी ३:५०. उरले ८ तास १० मिनिटं

रस्त्यात काम चालू होतं. पहारेकरी वर फोन लावतो. वाजत राहतो. पुन्हा लावतो. कुणी उचलत नाही. लिफाफा स्वतःकडे घ्यायची त्याला परवानगी नाही.

संध्याकाळी पाचला लिफाफा रातोरात पोहोचवणाऱ्या कुरियरने रवाना होतो. तो शुक्रवारी पोहोचेल.

रात्री ११. उरला १ तास

देशभर असंच कुठे ना कुठे अडलेलं आहे. कुणाच्या बोटांचे ठसे जुने झालेत, कुणाची फाइल एका सेंटरमधून निघाली पण दुसऱ्यात नोंदली गेली नाही. २०२० च्या हिवाळ्यात अर्जांचा ढीग इतका साठला की पावत्या निघायलाच महिने गेले. वर्ष संपत आल्यावर क्रमांक वाचवा म्हणून अर्जदार फेडरल न्यायालयांत गेले. याच मध्यरात्रीला एक वर्ष आधी न्यायाधीश अमित मेहता यांनी लॉटरी व्हिसाचे नऊ हजारांहून अधिक क्रमांक मुदतीनंतरही राखून ठेवायचा आदेश दिला होता. वरच्या न्यायालयाने २०२४ मध्ये न्यायालयांना तसा अधिकार नसल्याचं ठरवलं. पण २०२१ च्या सप्टेंबरात ती आशा जिवंत होती. नोकरीच्या क्रमांकांसाठी तसा आदेश आला नाही.

ज्यांनी २००७ चा जुलै पाहिला त्यांना हे नवं नव्हतं. तेव्हा बुलेटिनने सर्वांना दार उघडलं, लोकांनी धावपळ करून अर्ज पाठवले, आणि २ जुलैला सांगितलं गेलं की क्रमांक संपले. भारतीयांनी खात्याच्या संचालकांना हजारो फुलं पाठवली. त्यांनी ती वॉल्टर रीड इस्पितळातल्या जखमी सैनिकांकडे पोहोचवली. १७ जुलैला निर्णय फिरला. तो निर्णय होता, फिरवता आला. २०२१ मध्ये आड आला तो कायद्यात लिहिलेला दिवस.

रात्री १२. उरले शून्य

२ लाख ६२ हजार २८८ पैकी १ लाख ९५ हजार ५०७ वापरले गेले. उरलेले गेले.

त्यानंतर

ऑक्टोबर हा नव्या आर्थिक वर्षाचा पहिला महिना, आणि तिची तारीख त्या महिन्यातही चालू होती. लिफाफा शुक्रवारी पोहोचल्याची कुरियरची नोंद आहे. फायलीपर्यंत तो कधी पोहोचला हे कळलं नाही. चौकशीला उत्तर यायचं, ‘विचाराधीन’. मग नोव्हेंबरचं बुलेटिन आलं. भारताच्या ईबी-थ्रीची तारीख १ जानेवारी २०१४ वरून मागे, १५ जानेवारी २०१२ वर. १ नोव्हेंबरपासून तिला कार्ड द्यायची इच्छा असली तरी देता येणार नव्हतं.

नवरा कायमचा रहिवासी झाला, तसा त्याचा एच-वन संपला आणि त्यासोबत तिचा एच-फोर. आता तिचा आधार फक्त प्रलंबित अर्ज आणि नोकरी-प्रवासाच्या परवानगीचं कार्ड. त्याचं नूतनीकरण वेळेत झालं नाही तर नोकरी थांबते, कोरेगावला जाणंही थांबतं. मामा गेले तेव्हा प्रवासाची परवानगी संपलेली होती.

पुढच्या वर्षी खात्याने करून दाखवलं. कोटा २ लाख ८१ हजार ५०७ इतका, म्हणजे आधीपेक्षाही मोठा होता आणि तो सगळा वापरला गेला. डॉक्टरच्या सहीपासून साठ दिवसांच्या आत अर्ज भरला पाहिजे ही अट डिसेंबर २०२१ मध्येच शिथिल झाली. म्हणजे जमण्यासारखं होतं. ६६ हजार ७८१ परत मिळवायचे तर मात्र कायदाच हवा. असे कायदे पूर्वी झाले आहेत: २००० साली आधीच्या दोन वर्षांचे वाया गेलेले क्रमांक काँग्रेसने परत आणले, २००५ मध्ये आणखी ५० हजार. १९ नोव्हेंबर २०२१ ला प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या मोठ्या विधेयकात १९९२ पासूनचे बुडालेले क्रमांक परत देण्याचं कलम होतं. सिनेटमध्ये ते विधेयक अडलं आणि तिथेच संपलं. जुलै २०२३ च्या बुलेटिनमध्ये भारतीयांसाठी ईबी-थ्रीची तारीख १ जानेवारी २००९ होती. तिची मार्च २०१३.